व्होल्ट स्विच कधी दाबायचा, कधी नाही

पिकाचूच्या थंडरबोल्टवर वाढलेल्या आपल्या पिढीला पोकेमॉनच्या व्हिडिओ गेममधली इलेक्ट्रिक मूव्ह (म्हणजे चाल) म्हटलं की एकच गणित सुचतं: पॉवर जास्त ती मूव्ह चांगली. थंडरबोल्टची पॉवर ९०, व्होल्ट स्विचची (मारून लगेच पोकेमॉन बदलणारी मूव्ह) ७०, मग हात आपसूक थंडरबोल्टकडे जातो. खेळाच्या कथेत त्याने फारसं बिघडत नाही. कॉम्प्युटरचे बहुतेक ट्रेनर पोकेमॉन बदलायच्या भानगडीत पडतच नाहीत, त्यामुळे जोरात मारणारा जिंकतो. पण समोर माणूस असेल तर तो दर दोन-तीन फेऱ्यांनी पोकेमॉन बदलत राहतो, आणि तुमचा जोरदार थंडरबोल्ट नेमका त्याच्यावर जाऊन आदळतो ज्याला तो लागतच नाही. व्होल्ट स्विचचं काम तिथे सुरू होतं. ही मूव्ह नुकसान करण्यासाठी घेऊच नका. समोरच्याला आधी पत्ते उघडायला लावायचे आणि आपला पत्ता मग टाकायचा, यासाठी ती घ्यायची.

आधी मूळ माहिती. व्होल्ट स्विच आला पाचव्या पिढीत, म्हणजे ‘पोकेमॉन ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये; हे खेळ जपानमध्ये २०१० साली निघाले. इलेक्ट्रिक टाइप, स्पेशल हल्ला (याचा जोर स्पेशल अटॅकवर ठरतो, फिजिकल हल्ल्याचा अटॅकवर), पॉवर ७०, अचूकता १००, पीपी (किती वेळा वापरता येते) २०. हल्ला लागला की मारणारा पोकेमॉन लगेच मैदानाबाहेर येतो आणि त्याच्या जागी कोणाला पाठवायचं ते तुम्ही त्याच क्षणी ठरवता. कबड्डीतल्या चढाईसारखं आहे हे: गड्याला शिवायचं आणि आपल्या अंगणात परत यायचं. शिवता आलं नाही तर मात्र तुम्ही तिथेच अडकता, आणि या लेखातला निम्मा मजकूर त्या अडकण्याबद्दलच आहे.

याची भावंडं म्हणजे बग टाइपची यू-टर्न (पॉवर ७०, चौथ्या पिढीपासून) आणि वॉटर टाइपची फ्लिप टर्न (पॉवर ६०, आठव्या पिढीपासून). या दोन्ही फिजिकल आहेत आणि अंगाला अंग लावून मारतात. त्यामुळे समोरच्याकडे रॉकी हेल्मेट ही वस्तू असेल किंवा रफ स्किन, स्टॅटिक, फ्लेम बॉडी अशी अॅबिलिटी (अंगभूत गुण) असेल तर यू-टर्न मारणाराही झळ सोसतो. व्होल्ट स्विच लांबून लागतो, म्हणून हा त्रास नाही. भाजल्यामुळे किंवा इंटिमिडेटमुळे (समोरच्याचा अटॅक उतरवणारी अॅबिलिटी) त्याचा जोरही कमी होत नाही. यू-टर्नची जमेची बाजू एकच, पण मोठी: तिला पूर्णपणे अडवणारा टाइप नाही. व्होल्ट स्विचला आहे, ग्राउंड.

फेरी आतून कशी चालते

हे नीट समजलं तर पुढचं सगळं आपोआप सुटतं. प्रत्येक फेरीत आधी दोन्ही बाजूंचे साधे स्विच होतात आणि त्यानंतर मूव्ह चालतात. म्हणजे समोरच्याने या फेरीत पोकेमॉन बदलला, तर नवा पोकेमॉन तुमच्या व्होल्ट स्विचच्या आधीच मैदानात आलेला असतो. त्याला तुमचा फटका बसतो, तो कोण आहे हे तुम्हाला दिसतं, आणि मग तुम्ही त्याच्या तोडीस तोड पोकेमॉन निवडता. तुम्ही साधा स्विच केला असता तर दोघांनी डोळे मिटून एकाच वेळी पोकेमॉन बदलले असते. इथे तुम्ही डोळे उघडे ठेवून बदलता, आणि फुकटचं थोडं नुकसानही पदरात पडतं.

समोरचा न बदलता थांबला तर वेगाचा प्रश्न येतो. तुमचा पोकेमॉन वेगवान असेल तर तो आधी मारून बाहेर पडतो आणि समोरच्याचा हल्ला नव्याने आलेल्याला बसतो. तुमचा हळू असेल तर तो स्वतः मार खातो, मग व्होल्ट स्विच मारतो, आणि नवा पोकेमॉन एक ओरखडाही न घेता आत येतो. दोन्ही प्रकार उपयोगाचे आहेत, पण कामं वेगळी आहेत. नवशिक्यांची टीम इथेच फसते: हातात हळू पिव्हट (मारून जागा बदलणारा पोकेमॉन), आणि तो चालवायचा वेगवान असल्यासारखा.

पहिली पायरी: वेगवान की हळू, आधी ठरवा

वेगवान पिव्हटचं काम म्हणजे समोरच्याला दमवत राहणं. रेजीएलेकीचा मूळ वेग २०० आहे, सगळ्या पोकेमॉनमध्ये सर्वाधिक. टापू कोको आणि जोल्टिऑन १३० वर आहेत, झॅपडॉस १०० वर. हे बहुतेकांच्या आधी मारतात. पण त्यांच्या मागून जो आत येतो त्याला हल्ला झेलावाच लागतो, म्हणून मागे दणकट किंवा योग्य रेझिस्टन्स असलेला पोकेमॉन हवा. वेगवान पिव्हटच्या मागून काचेचं भांडं आणायचं नाही.

हळू पिव्हटचं काम बरोबर उलट, काचेचं भांडं सुखरूप आत आणणं. माझा लाडका आहे ईलेक्ट्रॉस. शुद्ध इलेक्ट्रिक टाइप, वर लेव्हिटेट (हवेत तरंगण्याची) अॅबिलिटी. इलेक्ट्रिकला एकट्या ग्राउंडची भीती, ती लेव्हिटेटने गेली, त्यामुळे टाइपच्या हिशेबाने त्याला कशाचीच विकनेस (जास्त लागणारा टाइप) उरत नाही. मूळ वेग ५०. पातळी १०० ला, वेगात एकही ईव्ही (सरावाने मिळणारा गुण) न घालता, साध्या नेचरवर (स्वभावावर) त्याचा वेग १३६ भरतो. क्वाएट नेचर घेतलं आणि वेगाचा आयव्ही (जन्मजात गुण) शून्य ठेवला तर तो ९४ वर येतो. आकडा खाली गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, इथे खाली जाणं म्हणजेच कमाई आहे. क्वाएट वेग घटवून स्पेशल अटॅक वाढवतं. अंगावर स्पेशल हल्ले झेलायचे असतील तर सॅसी, फिजिकल झेलायचे असतील तर रिलॅक्स्ड.

मधल्या वेगाच्या पोकेमॉनला ईव्ही घालताना एकच विचारा: नेमकं कोणाच्या आधी, किंवा कोणाच्या नंतर मला चालायचंय? रोटम-वॉशचा मूळ वेग ८६. रिलाबूमचा ८५. या एका आकड्याच्या फरकावर कित्येक सामने फिरलेत, कारण दोघांनीही वेग पूर्ण भरला असेल तर रोटम आधी चालतो. पण रोटमचे ईव्ही एचपी (जीव) आणि डिफेन्समध्ये घातलेत, तर समोरचा रिलाबूम आपल्या आधी चालेल हे गृहीत धरून खेळायचं.

दुसरी पायरी: ग्राउंडचं उत्तर तयार ठेवा

व्होल्ट स्विच ग्राउंड टाइपला लागत नाही, आणि लागला नाही की तुम्ही बाहेरही पडत नाही. समोरच्याने ओळखून गारचोम्प आत आणला तर तुमची अख्खी फेरी वाया गेली. आता तुमचा इलेक्ट्रिक पोकेमॉन आणि त्याचा ताजातवाना गारचोम्प समोरासमोर उभे. व्होल्ट अॅब्सॉर्ब, लाइटनिंग रॉड आणि मोटर ड्राइव्ह या अॅबिलिटींचंही तसंच. तिथे तर उलट फायदा त्यांनाच: व्होल्ट अॅब्सॉर्बने पाव एचपी भरतो, लाइटनिंग रॉडने स्पेशल अटॅक वाढतो, मोटर ड्राइव्हने वेग. टीम प्रिव्ह्यूमध्ये (सामन्याआधी समोरची टीम दिसते तेव्हा) लँटर्न दिसला की व्होल्ट अॅब्सॉर्ब मनात धरूनच चाला.

म्हणून व्होल्ट स्विच मारणाऱ्याकडे ग्राउंडला टोचणारी दुसरी मूव्ह असलीच पाहिजे. रोटम-वॉश इतकी वर्षं टिकून आहे ती याच कारणाने. इलेक्ट्रिक-वॉटर टाइप आणि लेव्हिटेट, म्हणजे विकनेस फक्त ग्रासची. हायड्रो पंप (पॉवर ११०, अचूकता ८०) बहुतेक ग्राउंडवाल्यांना हैराण करतो आणि विल-ओ-विस्प त्यांना भाजून त्यांचा फिजिकल हल्ला निम्मा करतो. लेव्हिटेटमुळे त्यांचा अर्थक्वेकही लागत नाही. अपवाद समोरच्याची अॅबिलिटी न जुमानणाऱ्या मोल्ड ब्रेकर अॅबिलिटीचा: तसा एक्सकॅड्रिल समोर असेल तर लेव्हिटेट नाहीच असं समजा, त्याचा अर्थक्वेक रोटमला दुप्पट बसतो. झॅपडॉसकडे हरिकेन आणि हीट वेव्ह आहेत. रेजीएलेकीकडे मात्र सांगण्यासारखं फारसं नाही, आणि म्हणूनच इतका भन्नाट वेग असूनही एका चांगल्या ग्राउंडवाल्यापुढे त्याची बोलती बंद होते.

एक कठोर नियम सांगतो. समोरच्या टीममध्ये ग्राउंड टाइप धडधाकट असेल, तर पहिल्या काही फेऱ्यांत व्होल्ट स्विच जवळजवळ विसरायचा. आधी त्या ग्राउंडवाल्याला भाजा किंवा दमवा. त्याला आत आणणं महाग पडतंय हे समोरच्याला कळलं की मग व्होल्ट स्विचचं राज्य. नवव्या पिढीत टेराची भर पडली आहे: एखादा पोकेमॉन ऐन लढाईत टेरा करून ग्राउंड होऊ शकतो. त्यामुळे ‘स्कार्लेट-व्हायोलेट’मध्ये समोरच्याचा टेरा वापरून झालाय की शिल्लक आहे, हे डोक्यात ठेवावं लागतं.

तिसरी पायरी: मागे कोण उभं आहे

एकटा पिव्हट काही कामाचा नाही. फिरायला किमान तिघं हवेत, आणि एकाला जे लागतं ते दुसऱ्याने झेललं पाहिजे. जुनं आणि अजूनही चालणारं त्रिकूट म्हणजे रोटम-वॉश, सायझर आणि लँडोरस-थेरियन. सायझरला फायर चौपट बसतं, ते रोटम झेलतो. रोटमला ग्रास बसतं, ते सायझरला अवघं पाव लागतं. लँडोरसला वॉटर दुप्पट आणि आइस चौपट. दोन्ही रोटमला निम्मीच लागतात. लँडोरसला इलेक्ट्रिक लागतच नाही, आणि आत येताना तो इंटिमिडेटने समोरच्याचा अटॅकही उतरवतो. सायझर आणि लँडोरस दोघांकडे यू-टर्न असते, म्हणजे चक्र कुठूनही फिरतं. व्होल्ट स्विच आणि यू-टर्न मिळून चालणाऱ्या या पद्धतीला खेळाडू ‘व्होल्ट-टर्न’ म्हणतात.

हे चक्र मैदानात कसं दिसतं ते पाहू. तुमचा रोटम, समोर कॉर्व्हीनाइट. कॉर्व्हीनाइट फ्लाइंग-स्टील, म्हणजे इलेक्ट्रिक त्याला दुप्पट बसतं; समोरचा बहुधा त्याला काढणार. त्याच्या टीममध्ये गारचोम्प आणि रिलाबूम आहेत. गारचोम्प अजून न भाजलेला, पूर्ण एचपीवर. अशा वेळी मी विल-ओ-विस्प मारेन. गारचोम्प आला तर भाजला, कॉर्व्हीनाइट थांबला तर तोही भाजला, दोन्हींत माझं काही जात नाही. विल-ओ-विस्पची अचूकता ८५, तेवढा धोका पत्करायचा. गारचोम्प भाजला की पुढच्या वेळी समोरचा त्याला पुढे करायला कचरेल आणि रिलाबूमकडे वळेल. आता व्होल्ट स्विच. रिलाबूम आत आला, ग्रास असल्याने त्याला फटका निम्माच बसला, पण बसला. आणि माझा सायझर एकही हल्ला न झेलता त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, यू-टर्न ग्रासला दुप्पट बसते म्हणून समोरच्याला आता पुन्हा पळावं लागणार. तीन-चार वेळा असं झालं की समोरचा खेळाडू स्वतःच्या योजनेऐवजी तुमच्या तालावर खेळू लागतो.

चौथी पायरी: हातात काय द्यायचं

चॉइस वस्तू आणि व्होल्ट स्विच यांचं जमतं. चॉइस स्पेक्स स्पेशल अटॅक दीडपट करतो, चॉइस स्कार्फ वेग दीडपट करतो, पण दोन्ही तुम्हाला एकाच मूव्हवर बांधून ठेवतात. व्होल्ट स्विचने बाहेर पडलात की ती गाठ आपोआप सुटते. फक्त ग्राउंडसमोर व्होल्ट स्विच फुकट गेला तर गाठ गळ्यात राहते, आणि पुढच्या फेरीत निमूटपणे साधा स्विच करण्यावाचून गत्यंतर नसतं. असॉल्ट व्हेस्टने स्पेशल डिफेन्स दीडपट होतो आणि फक्त हल्ल्याच्या मूव्ह वापरता येतात. व्होल्ट स्विच हल्लाच असल्याने चालतो.

सतत आत-बाहेर करणाऱ्या टीमचा खरा शत्रू म्हणजे जमिनीवर पसरलेले सापळे. स्टेल्थ रॉक साध्या पोकेमॉनचा साडेबारा टक्के एचपी प्रत्येक प्रवेशाला खातो, रॉकची विकनेस असेल तर २५ टक्के, चौपट असेल तर ५०. झॅपडॉस चार वेळा आत आला की संपला. म्हणून फ्लाइंगवाल्यांना हेवी-ड्यूटी बूट्स द्या. हे बूट आठव्या पिढीत आले. नाहीतर टीममध्ये सापळे साफ करणारा एक जण ठेवा. व्होल्ट-टर्न टीम हरते ती बहुतेक वेळा समोरच्याच्या हुशारीने नाही, दगडांनी.

बारीक गोष्टी, ज्या सामना फिरवतात

बाहेर पडल्यावर अंगावरचे कन्फ्यूजन, लीच सीड, टाँट, एन्कोर हे सगळे जातात. जहरी विषाचं वाढत जाणारं नुकसानही पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं, विष मात्र राहतं. याचीच दुसरी बाजू म्हणजे तुम्ही वाढवलेले बूस्टही जातात, म्हणून बूस्ट घेणाऱ्या पोकेमॉनला ही मूव्ह शोभत नाही. शॅडो टॅग किंवा अरीना ट्रॅपने अडकवलं असेल तरी व्होल्ट स्विचने निसटता येतं. समोर सबस्टिट्यूट (मार झेलणारी बाहुली) असेल तर फटका सबस्टिट्यूटला बसतो आणि तुम्ही तरीही बाहेर पडता. समोरच्याने प्रोटेक्ट (फेरीपुरता बचाव) केला असेल तर मात्र काहीच होत नाही. इजेक्ट बटण (मार बसताच बाहेर काढणारी वस्तू) असलेल्याला मारलात तर तो बाहेर जातो आणि तुम्ही जागच्या जागी. तुमचा शेवटचा पोकेमॉन उरला असेल तर ही फक्त ७० पॉवरची साधी मूव्ह उरते.

आता सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. समोरचा पोकेमॉन अगदी मरणाच्या दारात असेल तर व्होल्ट स्विचने त्याला मारायचा मोह टाळा. तो पडला तरी तुम्हाला बाहेर पडून नवा पोकेमॉन आधी दाखवावा लागतो, आणि समोरचा तो बघून, निवांत विचार करून आपला पुढचा निवडतो. म्हणजे ज्या फायद्यासाठी ही मूव्ह घेतली, तोच त्याच्या हातात दिला. असा शेवटचा घाव थंडरबोल्टने किंवा दुसऱ्या कशाने घाला.

इलेक्ट्रिक टेरेनमध्ये (मैदानभर वीज पसरलेली असताना) इलेक्ट्रिक मूव्हचा जोर आठव्या पिढीपासून ३० टक्क्यांनी वाढतो, पण मारणारा जमिनीवर उभा असेल तरच. रोटम आणि ईलेक्ट्रॉस तरंगतात, त्यांना तो मिळत नाही. टापू कोको आणि मिरायडॉनला मिळतो.

डबल्समध्ये

इथे, म्हणजे दोन्ही बाजूंनी दोन-दोन पोकेमॉन एकदम लढतात तेव्हा, व्होल्ट स्विचचा रंग थोडा वेगळा. आयर्न हँड्सचं उदाहरण घ्या: अटॅक १४०, स्पेशल अटॅक जेमतेम ५०, तरी त्याला व्होल्ट स्विच देतात. नुकसान नगण्य. पण फेक आउट ही मूव्ह मैदानात आल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत चालते, आणि व्होल्ट स्विचने बाहेर जाऊन परत आलं की फेक आउट पुन्हा मिळते. वेग ५० असल्याने तो शेवटी चालतो आणि त्याच्या जागी येणारा इन्सिनेरोअर पूर्ण एचपीवर, इंटिमिडेटसह दाखल होतो. फॉलो मी किंवा रेज पावडरने हल्ला वळवला तरी तो ज्याला लागायचा त्याला लागतो आणि तुम्ही बाहेर पडता. लाइटनिंग रॉड मात्र तुमच्याच जोडीदाराकडे असेल तरी व्होल्ट स्विच स्वतःकडे ओढून घेतो, तेव्हा ती जोडी एकत्र लावू नका.

ही मूव्ह मिळते कुठे, आणि पहिली गाठ कोणाशी

‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये निंबासा सिटीची जिम लीडर एलेसा हरली की टीएम (मूव्ह शिकवणारी वस्तू) ७२ म्हणून व्होल्ट स्विच देते. देण्याआधी ती स्वतः तुम्हाला त्याने भरपूर पळवते. तिच्याकडे पातळी २५ चे दोन एमोल्गा आणि पातळी २७ चा झेब्स्ट्राइका, आणि तिघंही व्होल्ट स्विच मारत एकमेकांच्या जागी येत राहतात. ग्राउंड आणावं तर एमोल्गा इलेक्ट्रिक-फ्लाइंग, त्याला ग्राउंड लागत नाही.

उपाय मात्र वाटेवरच आहे. डेझर्ट रिसॉर्टमध्ये सँडाइल पकडा. व्होल्ट स्विच त्याला लागत नाही, म्हणून एमोल्गा त्याच्यासमोर अडकून पडतो आणि चक्र थांबतं. शक्यतो इंटिमिडेट असलेला सँडाइल घ्या, म्हणजे एमोल्गाचा एरियल एसही सौम्य होतो. एमोल्गाला पाडायला रॉक मूव्ह हवी. वेलस्प्रिंग केव्हमधला रॉगेनरोला किंवा त्याचा बोल्डोर ते काम चोख करतो. झेब्स्ट्राइकाला फक्त ग्राउंडची विकनेस, तो सँडाइलसाठी राखून ठेवा. ऑशावॉट घेऊन खेळणाऱ्यांनी त्याला या जिममध्ये सरळ विश्रांती द्यावी.

२०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये लेव्हिन्सियाची आयोनो हरवल्यावर टीएम ०४८ म्हणून हीच मूव्ह मिळते, आणि नंतर पोकेमॉन सेंटरबाहेरच्या टीएम मशीनवर आणखी बनवता येते. मधल्या ‘स्वोर्ड-शील्ड’मध्ये तिचा क्रमांक टीएम ८०.

कन्सोल हाताशी नसेल तर ब्राउझरवर फुकट चालणारं पोकेमॉन शोडाउन सरावाला पुरेसं आहे. तिथे आयव्ही, ईव्ही, नेचर सगळं टाइप करून भरता येतं, अंडी उबवत बसावं लागत नाही. सामना झाला की रिप्ले उघडा आणि फक्त स्वतःचे व्होल्ट स्विच तपासा: प्रत्येक वेळी समोर ग्राउंड शिल्लक होता का, आत आणलेल्याने किती मार खाल्ला, आणि त्या जागी थंडरबोल्ट मारला असता तर कोणाला लागला असता.

फोनवर पोकेमॉन गो खेळणाऱ्यांनी मात्र गोंधळू नये. तिथेही व्होल्ट स्विच आहे, पण तो फास्ट मूव्ह आहे: नुकसान करतो, एनर्जी साठवून देतो आणि पोकेमॉन जागेवरून हलत नाही. तिथे पोकेमॉन बदलायचा तर बटण तुम्हालाच दाबावं लागतं.